हशाची जागा

बँकेतल्या कॅशियरपासून कोपऱ्यावरच्या चांभारापर्यंत सगळे त्यांना मेव्हणे म्हणतात. खरं तर त्यांना सख्खी बहीण नाही, चुलत नाही, मानलेलीसुद्धा नाही. पण टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेत ते अकरा वर्षं मेव्हण्याचं काम करत होते. दोन दिवसांसाठी म्हणून बहिणीकडे राहायला आलेला आणि मालिका बंद पडेपर्यंत न हललेला मेव्हणा. लोकांनी ते नाव उचललं आणि आईबापांनी ठेवलेलं मागे पडलं. एकदा दातांच्या दवाखान्यात नर्सने त्यांचं खरं नाव पुकारलं, तर हे गृहस्थ इतरांबरोबर इकडेतिकडे बघत राहिले. शेवटी ती वैतागून म्हणाली, "अहो मेव्हणे, तुम्हालाच!" तेव्हा कुठे उठले.

नट व्हायचं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. ते चष्म्याच्या दुकानात कामाला होते. नवी फ्रेम लावून आरशात बघणारा माणूस स्वतःचा रोजचा चेहरा कधीच आणत नाही, हा शोध त्यांना तिथे लागला. कोणी गाल आत ओढतं, कोणी भुवया उंचावतं, कोणी ओठ असे मुडपतं, की जणू समोर आरसा नसून होणारे सासरे बसलेत. मेव्हणे हे सगळं काउंटरमागून टिपत असत. चौकसपणा हा त्यांचा जन्माचा रोग. माणूस कुलूप लावल्यावर ते ओढून का बघतो, फोनवर बोलताना उभा का राहतो, असल्या गोष्टींनी त्यांना दिवसभर पुरेल एवढा उद्योग मिळे. गिऱ्हाईक बाहेर पडलं की ते त्याचा आरशातला चेहरा करून शेजारच्या सेल्समनला दाखवत.

एका दुपारी एक मालिकालेखक चष्मा घेऊन गेला आणि काउंटरवर विसरलेली छत्री न्यायला परत आला. दारातूनच त्याला आपला चेहरा काउंटरमागे दिसला. दुसऱ्या कोणी मालकाला बोलावून तमाशा केला असता. या भल्या माणसाने स्टुडिओचा पत्ता दिला आणि सोमवारी या म्हणाला. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, इथे मात्र कर्मानेच आणून दिलं.

स्टुडिओत तीन भिंतींचं घर उभं होतं. नळ होता, पाणी नव्हतं. जिना होता, तो वर जाऊन एका फळीवर संपत असे. मेव्हण्यांना त्या जिन्याचं एवढं कुतूहल वाटलं, की पहिल्याच दिवशी ते वर जाऊन बसले आणि सगळे त्यांना खाली शोधत राहिले. काम सुरू झालं तेव्हा त्यांनी पाठ केलेली वाक्यं नळ सोडावा तशी धो धो सोडली. बहिणीच्या नवऱ्याचं काम करणारा जुना नट होता, सेटवर त्याला सगळे दाजीच म्हणत. त्याने त्यांना बाजूला घेतलं.

"अरे, तू सलग बोलत सुटलास, तर लोक हसणार कधी?"

"कोण लोक? इथे तर कोणीच नाही."

"नंतर हसतात ते. मशीनमधून. हसणं मागाहून चिकटवतात, म्हणून आपण जागा सोडायची. विनोद झाला की समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं आणि घोट गिळायचा. लहान हशाला एक, मोठ्याला दोन. पाणी नाही रे, थुंकी गीळ. घोट संपला की पुढचं वाक्य."

ही दाजींची विद्या. कोणत्याही नाट्यशाळेत शिकवत नाहीत, पण मेव्हण्यांना ती एका दिवसात आली आणि अकरा वर्षं पुरली. विनोद, घोट, वाक्य. विनोद, दोन घोट, वाक्य. मध्यंतरी एकदा राहवेना म्हणून ते ध्वनीच्या खोलीत जाऊन आपल्या वाक्यांवरचं हसू ऐकूनही आले. ही कोण माणसं, कधी हसली, कशावर हसली, असं त्यांनी तिथल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "काय माहीत! मी नोकरीला लागलो तेव्हाही ही हसतच होती." मेव्हण्यांना यात भारी गंमत वाटली. घरी येऊन त्यांनी ती बायकोला तिखटमीठ लावून सांगितली.

बायको एका दवाखान्यात कान तपासायचं काम करते. काचेच्या लहानशा खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आला की बटण दाबा म्हणून सांगायचं. दिवसभर हेच. संध्याकाळी ती घरी येऊन दिवसाचं काही सांगायला लागे. ती वाक्य संपवी, मेव्हणे तिच्या तोंडाकडे बघत, घोट गिळत आणि म्हणत, "बरं." रोज दहा तास जे करतो ते माणूस घरात शिरताना चपलांबरोबर दाराशी थोडंच काढून ठेवतो? पाहुणेरावळे मात्र म्हणत, "वहिनी, तुम्ही भाग्यवान हो. किती शांतपणे ऐकून घेतात तुमचं!" वहिनी यावर हसत आणि चहा टाकायला उठत.

मालिका संपली, घर तीन भिंतींसकट मोडलं, आणि मेव्हणे सिनेमांत किरकोळ कामं करू लागले. नायिकेचे काका, नायकाचे साहेब, पहिल्या अर्ध्या तासात खून होणारे वकील. एका वर्षात ते चार वेळा मेले. तक्रार काही नव्हती. साहेब फोन कोणत्या हाताने उचलतो, वकील बसताना कोटाचं काय करतो, हे बघत हिंडायला त्यांना नवी कारणं मिळत होती. ओळखीचा एक वकील तर त्यांना बघून रस्ता बदलायला लागला होता, कारण मेव्हणे भर चौकात त्याला खाली बसून दाखवायला सांगत.

मग तो सिनेमा आला. त्यात त्यांना एकच प्रसंग होता. इस्पितळात ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसलेला बाप. डॉक्टर बाहेर येतात आणि म्हणतात, "आम्ही खूप प्रयत्न केले." त्यावर बापाने म्हणायचं, "तुम्ही जेवलात का, डॉक्टर?" आणि पुढे, "नाही, बराच उशीर झाला ना, म्हणून विचारलं."

मेव्हण्यांनी कागद वाचला आणि त्यांच्या अनुभवी मेंदूने तात्काळ निकाल दिला. हा विनोद आहे, आणि चांगला मोठा आहे. पोरगा आत गेलाय आणि हा बाबा डॉक्टरला जेवणाचं विचारतोय! कॅमेरा सुरू झाला, डॉक्टर बोलला, मेव्हण्यांनी विचारलं, "तुम्ही जेवलात का, डॉक्टर?" आणि त्याच्या तोंडाकडे बघत दोन घोट गिळले. मग पुढचं वाक्य म्हणाले. सेटवर टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. घरी येऊन त्यांनी तोंड पाडून सांगितलं, "आज माझा विनोद पडला गं. काळं कुत्रं हसलं नाही."

सिनेमा लागला आणि लोक त्या प्रसंगाला ढसाढसा रडले. वर्तमानपत्रात आलं, की मेव्हण्यांनी गिळलेला तो आवंढा प्रेक्षकांच्या घशात अडकतो. बायकोने ते मोठ्याने वाचलं, चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आवंढा म्हणे." मेव्हण्यांनी पुढ्यातल्या ताटात अचानक फार लक्ष घातलं.

तिथून पुढे माणसं त्यांच्याकडे वेगळ्याच नजरेने बघू लागली. चांभाराने चपलेचा अंगठा शिवता शिवता हळू आवाजात विचारलं, "मेव्हणे, मनात काय होतं हो त्या वेळी?" काय सांगणार, कपाळ! मशीनमधल्या माणसांना हसायला जागा सोडली होती, असं? मेव्हण्यांना स्वतःलाच नवल वाटायला लागलं. त्यांनी तो प्रसंग पुन्हा पुन्हा पाहिला. पडद्यावरचा बाप खरोखर आतून तुटत होता, आणि ते स्वतः त्या क्षणी आत कुठेच नव्हते.

वर्षभराने एक तरुण दिग्दर्शिका घरी आली. तिने त्यांच्यासाठी अख्खा सिनेमा लिहिला होता. बापाचं काम, मोठं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. "काका, त्या एका गप्प राहण्यावर मी हे लिहिलंय," ती म्हणाली. शेवटच्या प्रसंगात मुलगी बापाला सांगते, की मी आता परदेशातच राहणार, परत येणार नाही. बाप गप्प राहतो. मग म्हणतो, "बरं." झालं, सिनेमा संपला. त्या गप्प राहण्यात सगळा बाप दिसला पाहिजे.

पन्नाशी कधीच मागे पडली होती आणि पोस्टरवर मेव्हण्यांचा चेहरा आयुष्यात पहिल्यांदा मधोमध येणार होता. ते हो म्हणाले. पण मनात पाल चुकचुकली. आपल्याला जे येतं असं ही पोरगी समजते, ते आपल्याला येतच नाही, आणि हे उघडं पडायला एकच प्रसंग पुरेल.

तसंच झालं. बाकीचे प्रसंग नीट पार पडले. शेवटचा एका भाड्याने घेतलेल्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी होता. मुलीचं काम करणारी नटी म्हणाली, "बाबा, मी तिकडेच राहायचं ठरवलंय. आता परत नाही येणार." मेव्हण्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि घोट गिळला. कट. पुन्हा. दोन घोट. कट. ध्वनिमुद्रण करणारा म्हणाला, "गिळल्याचा आवाज येतोय." मेव्हण्यांनी आवाज न करता गिळलं. दिग्दर्शिका शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "काका, गोळी घेतल्यासारखं दिसतंय."

दुपार झाली तरी तेच. मेव्हण्यांनी डोळे ओले करून पाहिले, मान खाली घालून पाहिली, खिडकीबाहेर बघून पाहिलं. बसची वाट बघणारा माणूस दिसत होता, मुलगी गमावणारा बाप दिसत नव्हता. शेवटी त्यांनी दिग्दर्शिकेला खरं काय ते सांगून टाकलं. इस्पितळातला तो आवंढा नव्हता, ती हशाची जागा होती. ते सगळं चुकून झालं होतं.

"असू दे," ती म्हणाली, "मग आता परत एकदा चुका."

"मुद्दाम चुकता येत नाही गं."

"काका, घर आपल्याकडे उद्या दुपारपर्यंतच आहे. सकाळी एकदा करू. नाही झालं, तर मुलगी हे फोनवर सांगेल, आणि पलीकडचा बाप मी दाखवणारच नाही. माझा इलाज नाही."

म्हणजे सिनेमाचा शेवट मेव्हण्यांशिवाय होणार होता. ज्या गप्प राहण्यासाठी त्यांना बोलावलं, तेवढंच कापलं जाणार होतं. ते घरी आले तेव्हा बायको उद्याचा पांढरा कोट इस्त्री करत होती. मेव्हणे खुर्चीत बसले आणि त्यांनी तिलाही सगळं सांगितलं. सांगता सांगता गाडी सेटवरून घरात शिरली.

"तुला सांगतो, मला इथेही तीच सवय लागली. तू बोलायचीस, मी तोंडाकडे बघून घोट गिळायचो आणि बरं म्हणायचो. ऐकत नव्हतो गं मी बऱ्याचदा."

"माहितीये," बायको म्हणाली आणि कोटाची कॉलर उलटवली.

"माहितीये म्हणजे?"

"अहो, मी दिवसभर दुसरं काय करते? आवाज नसतानाही बटण दाबणारे माझ्याकडे रोज येतात. अगदी वेळेवर दाबतात. पण ऐकू आलं की डोळ्यांत काहीतरी हलतं, ते त्यांचं हलत नाही. तुमची मालिका सुरू झाली त्याच वर्षी लक्षात आलं माझ्या."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलतच होते की! तुम्ही थांबायचात, तेवढ्यात माझं पुढचं वाक्य बसायचं. आमच्या ताईच्या नवऱ्याचं बघा, तिला श्वास घ्यायला उसंत देत नाही. तिच्यापेक्षा माझं बरं होतं."

हे ती इतकं सहज म्हणाली, की मेव्हण्यांना फटका बसायला वेळ लागला. जगातल्या प्रत्येक माणसाचा त्यांना ध्यास. चांभार सुई कुठल्या बोटांत धरतो ते त्यांना ठाऊक होतं. आणि एवढ्या वर्षांत या बाईने त्या मोकळ्या जागेत काय काय ठेवलं, याचा त्यांना पत्ता नव्हता.

"काय काय बोललीस?"

"आता काय आठवणार? दवाखान्यातलं, घरातलं." तिने बाही पसरली. "मोठ्या इस्पितळातून बोलावणं आलं होतं, ते सांगितलं होतं."

"कसलं बोलावणं?"

"त्यांच्या कानाच्या विभागाची प्रमुख म्हणून. दुसऱ्या शहरात. तुमची मालिका तेव्हा अगदी जोरात होती. मी सांगितलं, तुम्ही गिळलात. मग मी म्हटलं, नको, राहू दे, नाही जात. तुम्ही म्हणालात, बरं."

"मी बरं म्हणालो?"

"तुम्ही दुसरं काही म्हणता का कधी?" ती हसली आणि दुसऱ्या बाहीला लागली.

सकाळी पुन्हा तेच टेबल. दिवे लागले, सगळे गप्प झाले. नटी म्हणाली, "बाबा, मी तिकडेच राहायचं ठरवलंय. आता परत नाही येणार."

मेव्हण्यांनी गिळलं नाही. ते विसरले. त्या मुलीच्या बोटांनी टेबलावरच्या कापडाचा एक दोरा धरला होता आणि ती तो सुटत नसताना ओढत होती. हिला काहीतरी ऐकायचंय, त्यांना वाटलं. हिने सांगून टाकलंय आणि आता ही थांबलीये, माझ्यासाठी. पुढचं वाक्य त्यांना पाठ होतं. एका शब्दाचं तर होतं. पण तो शब्द तोंडात येईना. त्या शब्दाची त्यांना लाज वाटली, अगदी खरी, कान तापवणारी लाज.

"का?" मेव्हण्यांनी विचारलं.

नटी गांगरली. कागदावर तसा प्रश्नच नव्हता. तिचे डोळे भरून आले आणि ती दिग्दर्शिकेकडे बघायला लागली.

"कट," दिग्दर्शिका म्हणाली. "काका, वाक्य 'बरं' आहे."

"माहितीये गं. चुकलो."

"चुकलात ते उत्तम. आता चेहरा तसाच राहू दे, आणि फक्त 'बरं' म्हणा."

दुसऱ्या वेळी ते म्हणाले. तो शब्द कसाबसा बाहेर आला, अर्ध्यात फाटला. कॅमेरामनने कॅमेऱ्यावरून डोळा बाजूला घेऊन तोंडावरून हात फिरवला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. प्रसंग वाचला, पोस्टर वाचलं, आणि मेव्हणे कोणाचेही हात हातात न घेता बापाच्या कपड्यांतच जिना उतरले. कपडेपटवाला मागून हाका मारत राहिला.

ते थेट बायकोच्या दवाखान्यात गेले. काचेच्या खोलीत कोणी बसलं होतं, म्हणून बाहेर बाकावर थांबावं लागलं. शेजारच्या म्हाताऱ्याने त्यांना ओळखलं आणि कमी ऐकू येणाऱ्यांच्या खणखणीत आवाजात विचारलं, "काय मेव्हणे, तुम्हालाही ऐकू येत नाही का?"

"हो ना," मेव्हणे म्हणाले. "बरीच वर्षं झाली."

बायको पुढच्या माणसाला बोलवायला बाहेर आली आणि नवऱ्याला त्या अवतारात बघून जागच्या जागी थबकली. तोंडाला रंग, अंगात दुसऱ्याच कोणाचा स्वेटर.

"काय झालं? कापला का तुमचा सीन?"

"नाही, झाला. तू नको का म्हणालीस?"

"कशाला?"

"त्या इस्पितळाला. राहू दे, नाही जात, असं म्हणालीस ना. का?"

तिने एकदा म्हाताऱ्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे. हातातला हेडफोन या हातातून त्या हातात घेतला. मेव्हणे तिच्या डोळ्यांकडे बघत उभे होते.

"आत्ता विचारताय?" ती म्हणाली.

"आत्ता कळलं विचारायचं."

"मला जायचं होतं हो," ती हळू आवाजात म्हणाली. "नको म्हटलं की तुम्ही विचाराल, का नको. मग मी भांडेन, तुमची मालिका, माझं काम, सगळं काढेन, मग तुम्ही म्हणाल, जा. असं सगळं रस्ताभर मनाशी ठरवून आले होते मी त्या दिवशी."

"आणि मी बरं म्हणालो."

"हो."

"मग?"

"मग काय? तुम्ही मीठ मागितलंत. मी दिलं."